पऱ्हाटी कुजवायची तर कल्चर की गांडूळ?

“भाऊ, यंदा पऱ्हाटी जाळत नाही. पण ढिगावर विघटक कल्चर मारू की गांडूळ सोडू?” मामेभावाचा फोन आला. दोन्ही करून पाहिलंय, म्हणून सांगतो. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं, आणि कल्चर म्हणजे काडीकचरा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांचं विरजण.

आधी एक. उभी पऱ्हाटी कशानेच लवकर कुजत नाही. लिग्निन (लाकडाला कडक करणारा घटक) भरपूर, नत्र कमी, जवळपास लाकूडच. कुट्टी करा, शेण मिसळा, मग पुढचं बोलू.

खर्चाला कल्चर स्वस्त. छोटी बाटली, २ किलो गूळ, २०० लिटर पाणी. आठवडाभरात द्रावण तयार, आणि त्यातूनच पुढचं विरजण लागतं. गांडुळांना बेड हवा, सावली हवी, सतत ओल हवी. आणि आपला मे महिना! ३५ अंशांच्या वर त्यांना सोसत नाही. ४५ ला माझी निम्मी गेली. कल्चरचा ढीग उलट आतून ५५-६० अंशांवर तापतो, त्यात तणाचं बीही मरतं. मात्र तो पालटताना कंबर मोडते.

खत गांडुळांचंच जास्त भुसभुशीत, हे मान्य.

एकरांनी पऱ्हाटी असेल तर कल्चर. विहिरीला बारमाही पाणी, गोठ्याजवळ निंबाची सावली आणि भाजीचा वाफा असेल तर गांडूळ. तेही अर्धवट कुजलेल्या, थंड झालेल्या ढिगावर.