टिंबर मार्केटमधली सागाची वखार: माल चांगला, कागद त्याहून चांगले

चार स्टार. पाचवा का कापला ते पुढं येईलच.

घराच्या चौकटी आणि मेन दरवाजा सागाचाच पाहिजे असा घरात ठराव झालेला, मग काय, मिस्त्रींना गाडीवर मागं बसवून कोल्हापूरचं टिंबर मार्केट पालथं घातलं. शेवटी जिथनं माल उचलला त्या वखारीचं नाव टाकत नाही, मालकच म्हणाले "दादा नाव नका टाकू, आत्ताच्या गिऱ्हाईकालाच माणसं पुरंनात". टिंबर मार्केटमध्ये फिरला तर सापडेल, जिथं भाव सांगायच्या आधी फाईल काढतात ती वखार.

कारण बाकी सगळीकडं काय, साग म्हटलं की चंद्रपूरकडच्या सागाचं नाव घ्यायचं, "बल्लारशा आहे साहेब, डोळे झाकून न्या" आणि लगेच घनफुटाचा भाव. एका ठिकाणी तर हळूच कानाशी येऊन "राधानगरीकडचा जंगली साग आहे, स्वस्तात देतो, पावती नाही मिळणार" असं पण झालं. अहो राधानगरी 1958 पासून अभयारण्य आहे, तिथलं झाड कायद्यानं विकायला निघूच शकत नाही, आणि तिथलं जंगल बरंचसं निमसदाहरित, सागासाठी काय ते प्रसिद्ध नाही. म्हणजे एकतर चोरीचं किंवा थाप, दोन्ही आपल्याला नको. मिस्त्री म्हणाले चला हितनं.

या वखारीत बल्लारशाचा भाव विचारला तर मालकांनी आधी वाहतूक पास दाखवला, मार्केटात सगळे टीपी म्हणतात तो. माल कुठल्या डेपोतून निघाला, कुठल्या गाडीतून आला, किती नग, किती घनमीटर, सगळं त्यावर. मग मागं नेऊन ओंडक्याच्या तोंडावरचा वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का दाखवला. हा काय वखारवाल्याचा शौक नाही, 1927 च्या भारतीय वन कायद्यातल्या कलम 41 नं लाकडाच्या वाहतुकीवर नियम करायचा अधिकार राज्य सरकारला दिलाय, त्यातनं हे पास आलेत. आपण गिऱ्हाईक म्हणून कधी बघत नाही एवढंच. टीव्ही घेताना वॉरंटी कार्ड दहा वेळा बघतो आणि आयुष्यभराच्या दरवाजाला तोंडी शब्दावर पैसे मोजतो.

आता मालाबद्दल. तीन प्रकार होते. पहिला इंपोर्टेड, इक्वाडोर, कोस्टा रिका, घाना असल्या देशांतनं कंटेनरनं येतो, बराचसा गांधीधामला कापून साईजमध्येच येतो. पूर्वी बर्मा टीकची जी वट होती ती गेली, म्यानमारनं एप्रिल 2014 पासून गोल लाकूड बाहेर पाठवणंच बंद केलं. इंपोर्टेड वाईट नसतो पण बहुतेक लागवडीचा आणि कमी वयाचा, त्यामुळं सालीलगतचं पांढरं लाकूड जास्त निघतं आणि पांढऱ्याला कीड लागते. दुसरा बल्लारशा, म्हणजे चंद्रपूर गडचिरोलीकडचा, आलापल्लीचा वगैरे. रंग सोनेरी, तेलकट हात लागतो, रेषा घट्ट. अयोध्येच्या राम मंदिराच्या दारांना 2023 मध्ये हाच साग गेला तेव्हापासून भाव विचारायची सोय नाही. हा माल पुरवणारं वन विकास महामंडळ सरकारचंच, 1974 चं, हेड ऑफिस नागपूरला. साग लावायचा, वाढवायचा, तोडायचा, डेपोत थप्प्या लावून लिलाव करायचा. सरकार नुसतं शिट्टी फुंकणारा रेफ्री नाही, स्वतः दुकान मांडून बसलेलं पण आहे, हे मला इथंच नीट कळालं.

तिसरा मालकी साग. म्हणजे शेतकऱ्यांच्या बांधावरचा, आपल्याच भुदरगड आजरा चंदगड शाहूवाडीकडचा. आणि हा वखारीत सगळ्यात कमी! मी म्हटलं असं कसं, इक्वाडोरचं लाकूड समुद्र ओलांडून कोल्हापुरात येतंय आणि गारगोटीचं येईना?

त्याचं उत्तर तिथंच बसलेल्या एका आण्णांनी दिलं. भुदरगडकडचे, वडिलांनी बांधावर लावलेला साग विकायला चौकशीला आलेले. म्हणाले, "झाड माझं, बांध माझा, पण तोडायला अर्ज, मग सातबारा, मग साहेब येऊन झाडं मोजणार, नंबर टाकणार, मग परवानगी, मग तोडल्यावर परत मोजणी, हातोडा, मग पास. तवर पोरीचं लगीन होऊन नातवंडं झाली असती." मालक हसले पण पुढं जे बोलले ते खरं होतं, की म्हणूनच बहुतेक शेतकरी ठेकेदाराला उभ्या झाडांचा ठोक भाव करून देतात, कागद ठेकेदार बघतो आणि मलई पण ठेकेदारच खातो. राज्याचा झाडतोडीचा कायदा 1964 चा, त्याच्या यादीत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ अशी झाडं आहेत, म्हणजे आपल्या भागात जे म्हणून बांधावर असतंय ते जवळपास सगळं.

बरं सरकारची बाजू पण आहे. शेताला लागून जंगल, दोन्हीकडं साग, तोडून गाडीत टाकल्यावर कुठला कुठला हे कोण सांगणार? हातोडा नसता तर जंगलातला साग मालकीच्या नावावर कधीच संपला असता. म्हणून पास काढून टाका असं मी म्हणणार नाही, मला तर पासामुळंच विश्वास बसला. पण 1988 च्या राष्ट्रीय वन धोरणात सरकारनंच लिहून ठेवलंय की कारखान्यांनी लाकडासाठी जंगलाकडं न बघता शेतकऱ्याशी जोडून घ्यावं. बघू नका म्हणायचं जंगलाकडं आणि शेतकऱ्याला मात्र अर्जाच्या रांगेत उभं करायचं, मग व्यापारी कंटेनर मागवणार नाहीतर काय करणार. बांबूचं तर आणखी भारी, 1927 च्या कायद्यात बांबू झाड म्हणून धरलेला, जंगलाबाहेरच्या बांबूला त्यातनं सुटायला 2017 साल उजाडलं, 90 वर्षं! चंदगड आजऱ्याकडं माणगा जातीचा बांबू लावणारे त्यानंतर जरा मोकळे झाले.

आता ऑनलाईन चाललंय म्हणा. डिसेंबर 2023 ला केंद्रानं देशभरासाठी एकच क्यूआर कोडवाला वाहतूक पास आणला, आणि जून 2025 ला शेतातली झाडं तोडायचे नमुना नियम काढले, त्यात लागवडीची आधी नोंदणी करायची आणि थोडी झाडं असतील तर फोटो टाकून काम व्हावं अशी सोय आहे. नमुना नियम म्हणजे राज्यानं घेतले तर लागू. आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले "मोबाईल पोराकडं असतोय, पोरगं पुण्यात".

सॉ मिलचं पण विचारलं, कारण कटिंग तिथंच होतं. लायसन भिंतीवर लावलेलं. सुप्रीम कोर्टाचा जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातला 12 डिसेंबर 1996 चा आदेश आला तेव्हापासून सॉ मिलवाल्यांच्या मागं लायसनचा ससेमिरा, नवीन मिलला राज्याच्या समितीची मंजुरी लागते, त्यामुळं जुन्या लायसनवाल्याची चैन आहे. मालकांनी हे मान्य केलं नाही, चहा मागवला.

मोजमापाकडं लक्ष द्या, इथंच माणूस फसतो. गोल लाकडाला घेर इंचात घ्यायचा, त्याचा चौथा भाग काढायचा, त्याला त्यानंच गुणायचं, गुणिले लांबी फुटात, भागिले 144. म्हणजे 48 इंच घेर आणि 8 फूट लांबी असेल तर 12 गुणिले 12 गुणिले 8 भागिले 144, आले 8 घनफूट. खरं लाकूड भरतं 10 च्या वर, म्हणून गोल घेणं फायद्याचं वाटतं, पण चौकोनी करताना कडेचं जातं, करवतीत भुसा जातो, पांढरं काढावं लागतं. माझ्यासारख्यानं सरळ मापात कापलेली साईजच घ्यावी. 5 बाय 3 इंचाची चौकट, 7 फुटाचे दोन उभे आणि साडेतीन फुटाचे दोन आडवे, उंबरा धरून, साधारण 2.2 घनफूट बसते. घरनं हिशोब करून जावा, मालकाच्या कॅल्क्युलेटरवर जाऊ नका. इथं टेप मात्र सरळ लावतात, साल काढून मोजतात, मिस्त्रींनी दोनदा तपासलं.

ओलावा मोजायचं यंत्र पण लावून दाखवलं. 10 ते 14 टक्क्यांच्या दरम्यान आकडा आला तर दारं-खिडक्यांना ठीक, त्याच्या वर असेल तर दार नंतर आवळतं नाहीतर चिरतं. मालकी सागाचा आकडा जास्त आला तेव्हा "हे आता नेऊ नका, वाळू दे" असं मालकच म्हणाले, विकायचा माल असून. मी बल्लारशाच घेतला, खिसा रिकामा झाला.

स्टार कशाला कापला तर कटिंगचे आणि भरणीचे पैसे वेगळे हे शेवटी बिल करताना सांगितलं, आणि भावात 18 टक्के जीएसटी धरलेला नव्हता तो पण तेव्हाच कळाला. वर टेम्पो सकाळी येतो म्हणून संध्याकाळी आला, मिस्त्रींचा खाडा पडला, आणि फोन म्हणाल तर उचलायचा असतो हे तिथं कुणाला माहितीच नाही. भाव विचारताना "सगळं धरून किती" असंच विचारा.

सोमवारी बंद. चारचाकी आत घालू नका, ट्रक वळत असतात. पासाची आणि बिलाची झेरॉक्स मागून घ्या, देतात. आणि ढलप्या पोत्यावर मिळतात, घरी बंब असेल तर दोन पोती टाकून घ्या टेम्पोत, त्याचे पैसे मात्र आधीच सांगतात.