ठमीची झोळी: कुत्र्यासाठीच्या सीट-हॅमॉकचा आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात मागवलं, आता जून लागलाय. १,८५० रुपयांचं, गाडीच्या मागच्या सीटवर बांधायचं हॅमॉक. पुढच्या आणि मागच्या हेडरेस्टना चार पट्ट्यांनी अडकवायची जाड चादर, खालून रबरी अस्तर. सोबत छातीवर बांधायचा हार्नेस आणि सीटबेल्टच्या खाचेत बसणारा आखूड पट्टा. आमच्याकडे सगळे त्याला झोळीच म्हणतात, कारण पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, "ही झोळी कुठल्या बाळासाठी गं?" बाळ चार वर्षांचं, एकोणीस किलोंचं, बडोद्यातल्या गोत्रीच्या रस्त्यावरून घरी आलेलं देशी कुत्रं आहे. नाव ठमी.

बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. याच शिवणीच्या झोळ्या दहा वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, त्यामुळे नावापेक्षा शिवण बघून घ्या.

पहिले दोन महिने बडोद्यातल्या बडोद्यात गेले. डॉक्टरांकडे, दांडिया बाजारात माहेरी, रविवारी सिंधरोटला महीच्या काठी. (विश्वामित्री नदी घरापासून जवळ आहे, पण तिथे मगरी. त्या काठाला कुत्रं मोकळं सोडायचं नाही हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं.) एवढ्या वापरात झोळी उत्तम वाटली. केस झटकले की निघतात, चिखल ओल्या फडक्याने पुसला जातो. तेव्हाच हा अनुभव लिहिला असता तर पाच तारे देऊन मोकळी झाले असते.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. नवऱ्याला एकाच फेरीत द्राक्षाचे मळे आणि समुद्र दोन्ही हवे होते, आणि ठमीला पाळणाघरात ठेवायचं नव्हतं. मग असा फेरा आखला: भरूचनंतर महामार्ग सोडून व्यारा, उनाई, वघई, सापुतारा, वणी-दिंडोरीवरून नाशिक, तिथून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणू-बोर्डी, मग उंबरगाववरून पुन्हा महामार्ग आणि घर. पाच रात्री. जाताना डांगचं साग-बांबूचं जंगल, येताना किनाऱ्यावरची सुरूची बनं. आधी मुरूडकडचं फणसाडही यादीत होतं. पण अभयारण्यात पाळीव कुत्रं नेता येत नाही, वघईजवळच्या वांसदा राष्ट्रीय उद्यानातही नाही. ते योग्यच आहे, आपल्या कुत्र्यांचे आजार रानातल्या जनावरांना लागतात. जंगल आपल्याला रस्त्यावरून आणि गावाकडेनेच बघायचं आहे, हे मनाशी ठरवलं की आखणी सोपी होते.

राहण्याच्या जागा शोधताना मात्र जीव मेटाकुटीला आला. "कुत्रं चालेल का?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. पुढचं बोलणं काढल्यावर कळतं की कुणाकडे मागच्या अंगणात पिंजरा आहे, कुणी रात्री वॉचमनजवळ बांधून ठेवणार, आणि एका ठिकाणी 'पेट' म्हणजे फक्त पामेरियन. आता मी तीनच प्रश्न विचारते: रात्री आमच्याच खोलीत झोपेल का? जेवणाच्या जागी आमच्या पायाशी बसेल का? आवारात तुमची स्वतःची कुत्री मोकळी असतात का? तिसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो मला कुणीच सुचवला नव्हता. वघईजवळच्या घरात तीन राखणीची कुत्री निघाली, ठमीने पहिली रात्र पलंगाखाली काढली. आणि उत्तर लेखी मागा, मेसेजवर का होईना. नाशिकच्या एका वायनरीने फोनवर "आणा की" म्हटलं, आणि दारात गार्डने हात आडवा केला. मेसेज असता तर निदान भांडता आलं असतं.

आता झोळीबद्दल.

सापुताऱ्याचा घाट चढून हातगडच्या बाजूला उतरताना वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. नवऱ्याने करकचून ब्रेक मारला. ठमी पुढे फेकली गेली आणि पुढच्या आणि मागच्या सीटांमधल्या कापडी भिंतीवर आपटून तिथेच थांबली. पट्ट्याने धरलं, हार्नेसने छातीवर दाब घेतला, मानेला काहीही झालं नाही. हाच पट्टा गळपट्ट्याला अडकवला असता तर काय झालं असतं, ते मला लिहवत नाही. अनेक जण तसंच अडकवतात. पट्टा नेहमी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीलाच लावा, आणि इतका आखूड ठेवा की कुत्र्याला उठता-बसता-वळता येईल पण पुढच्या सीटपर्यंत तोंड पोहोचणार नाही. आधी आम्ही माया म्हणून सैल ठेवायचो.

त्या ब्रेकमध्ये मागच्या डाव्या हेडरेस्टवरचा फास घसरला. शिवाय पट्ट्याच्या टोकाची प्लास्टिकची कडी तडकली. ते फेब्रुवारीत लक्षात आलं, म्हणजे परतीचा सगळा प्रवास आम्ही तडकलेल्या कडीवर केला! आता तिथे लोखंडी कडी आहे आणि फास मांडवीजवळच्या मोच्याकडून साठ रुपयांत दुहेरी शिवून घेतलाय. नवी झोळी घेतली की पहिलं काम हेच करा.

उलटीचं म्हणाल तर दोष झोळीचा नव्हता, आमचा होता. पहाटे निघताना आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) लाडाने दूध-पोळी घातली आणि घाटाच्या चौथ्या वळणावर ती बाहेर आली. निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं हवं. नंतर असं झालं नाही.

नाशिक. वाइनसाठीच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, म्हणून आम्ही मुद्दाम तेव्हा गेलो. ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झालेल्या वेलींवर आता बारीक, गच्च घड लटकत होते. खायच्या थॉमसनसारखे टपोरे नाहीत, लहान आणि बियांचे. बघायला सुंदर, आणि कुत्र्यासाठी विष. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा काही नेम नाही. एखाद्याला मूठभर पचतात, एखादं चार दाण्यांत आडवं होतं. त्यातलं टार्टारिक आम्ल कारण असावं, असा अलीकडचा अंदाज आहे. हे निघण्याआधी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आई एकदम गप्प झाल्या. चार वर्षं दर सत्यनारायणाला ठमीला प्रसादाचा शिरा मिळत आलाय, वर बेदाणे वेचून जास्तीचे. आता शिरा बंद. आणि तेच आम्ल चिंचेत असतं म्हटल्यावर चिंच-गुळाची आमटीही बंद. ठमीने मला अजून माफ केलेलं नाही.

मळ्यात खाली गळलेली द्राक्षं सगळीकडे असतात, पानांवर भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारणीचे डाग असतात, आणि वायनरीच्या मागे पिळून उरलेला चोथा टाकलेला असतो. त्याला आंबूस-गोड वास येतो आणि कुत्रं दोरी तोडून तिकडे धावतं. त्यामुळे आम्ही वेलींच्या ओळींत शिरलोच नाही. गंगापूर धरणाच्या बाजूने, बांधावरून फिरलो. टेस्टिंग पाळीपाळीने केलं: तो आत असताना मी ठमीबरोबर चिंचेच्या झाडाखाली (योगायोग बघा), मी आत असताना तो. मला शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन आवडली, शिराझ ही लाल जड वाटली. गाडी ज्याला चालवायची तो चाखलेला घोट थुंकतो, हे नवऱ्याला तीनदा सांगावं लागलं. बाटली विकत घेतली नाही, कारण आपण राहतो गुजरातेत. १९६० पासून इथे दारूबंदी आहे, नाशिकची बाटली डिकीत टाकून सीमा ओलांडायची म्हणजे स्वतःहून संकट ओढवायचं. बडोदेकराने वाइनचा प्रदेश असाच बघायचा: तिथेच चाखायची, तिथेच झोपायचं, सकाळी रिकाम्या हाताने निघायचं. बेदाणे घेतले, पण डब्यात बंद, डिकीत.

जव्हार सुरेख होतं, पण तिथे एकच रात्र होतो. लिहिण्यासारखं काही घडलं नाही, आणि कुत्रं बरोबर असताना काही न घडणं हेच सुख.

बोर्डी मात्र ठमीसाठीच बनवलेलं. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की नुसता ओला, घट्ट पट्टा उरतो, त्यामागे सुरूची रांग, सावली आणि मऊ सुया. दुपारची वाळू पायाला पोळते. स्वतःच्या हाताची मागची बाजू टेकवून बघायची, पाच सेकंद सोसवली नाही तर सुरूखालीच बसायचं. गोड पाणी आपणच न्यायचं, नाहीतर कुत्रं समुद्राचं पितं आणि जुलाब लागतात. दुसऱ्या दिवशी बांबूच्या मांडवावर वाळत घातलेल्या बोंबलांपर्यंत तिची मजल गेली. चार बोंबील गेले. मावशींनी पैसे घेतले नाहीत, उलट ठमीलाच विचारलं, "खारट नाही ना लागला?"

आणि इथे झोळीचा मोठा दोष उघडा पडला. ओली ठमी बसली, अंगावरचं पाणी मध्ये साचलं, आणि सीटबेल्टच्या खाचेसाठी जी वेल्क्रोची फट ठेवलीय तिथून सरळ सीटच्या फोममध्ये उतरलं. ज्या फटीतून जीव वाचवणारा पट्टा जातो, तीच गळते. जाहिरातीत 'संपूर्ण वॉटरप्रूफ' लिहिलंय, ते खोटं आहे. गाडीला आठवडाभर खारट बोंबलांचा वास होता. आता फटीभोवती जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय आणि वरून आईंची फाटकी गोधडी अंथरतो. गोधडीमुळे नखं रुतून बसतात, वळणावर ठमी घसरत नाही. १,८५० रुपयांच्या वस्तूत हा भाग फुकटचा आणि सगळ्यात उपयोगी.

मे महिन्यात बडोद्याचं ऊन बेचाळीसच्या पुढे गेलं आणि खालचं अस्तर सुटायला लागलं. काळी भुकटी सीटला आणि माझ्या पांढऱ्या कुर्त्याला. विक्रेत्याला फोटो पाठवले. वॉरंटी सहा महिन्यांची, आमचा सातवा चालू होता. "मॅडम, उन्हात ठेवू नका," असं उत्तर आलं. बडोद्यात!

तरी परत घ्यायची झाली तर हीच शिवण घेईन, पण लोखंडी कडीची. घेण्याआधी एक बघा: तुमच्या गाडीच्या मागच्या सीटचे हेडरेस्ट सुटे आहेत का? बऱ्याच छोट्या गाड्यांत ते पाठीलाच जोडलेले असतात, मग मागचे फास अडकवायला जागाच उरत नाही आणि झोळी पहिल्या ब्रेकला पुढे घसरते. माझ्या भावाच्या गाडीत हेच झालं, त्याने परत पाठवली. आणि कुत्रं तीस किलोंच्या वरचं असेल तर मधली कापडी भिंत पुरणार नाही, खाली लाकडी फळी असलेली झोळी शोधा.