रिओ ग्रान्देकाठी भिंत आली तर: सही करावी की कोर्टात जावं?

अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या भिंतीत खाजगी जमिनी सर्वाधिक अडकतात त्या टेक्ससमध्ये. कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत सीमेलगतची ६० फुटांची पट्टी १९०७ सालीच संघ सरकारने राखून ठेवली. टेक्ससमध्ये मात्र रिओ ग्रान्दे नदी हीच सीमा आहे आणि तिचा काठ बहुतेक खाजगी आहे. त्यात मेक्सिकोशी झालेल्या १९७० च्या करारामुळे पुराचं पाणी अडेल किंवा वळेल असं बांधकाम नदीत करता येत नाही. म्हणून भिंत आत सरकते, हिडाल्गो काउंटीत तर पूरबंधाऱ्यावरच चढते. भिंत आणि नदी यांच्या मधली जमीन कागदावर मालकाचीच राहते, पण भिंतीतल्या फाटकापलीकडे.

सरकार आधी मालकाकडे जमिनीच्या सर्वेक्षणाची परवानगी मागतं. तिच्यावर भांडण्यात फारसा अर्थ नाही. नाकारली तर सरकार तेवढ्यासाठीही दावा लावतं. मुदत, झाडतोड आणि पीक-कुंपणाची भरपाई मात्र आधी लिहून घ्यावी.

पुढे वाटा दोनच: सरकारने देऊ केलेल्या किमतीला सही करून विकणं किंवा संपादनाचा दावा अंगावर घेणं. जमीन न देण्याची वाट जवळपास बंद आहे. १९३१ च्या कायद्यानुसार सरकारने जमीन घेत असल्याचं घोषणापत्र दाखल करून अंदाजे रक्कम कोर्टात भरली की मालकी लगेच सरकारकडे जाते. पर्यावरणाचे कायदेही २००५ च्या तरतुदीने गृहसुरक्षा मंत्री बाजूला ठेवू शकतात. अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीतला न्याय्य मोबदला तेवढा टाळता येत नाही.

सही करण्याचा फायदा म्हणजे वाटाघाटीत पैशाबाहेरचंही मागता येतं: फाटक नेमकं कुठे, ट्रॅक्टर आणि कापणीयंत्र जाईल इतकं रुंद आहे का, त्याचा कोड कुळाला आणि मजुरांना मिळेल का, वीज गेली तर ते कसं उघडायचं, सिंचनाची पाइपलाइन भिंतीखालून कोण नेणार. हे सगळं खरेदीखतातच हवं. अधिकाऱ्याच्या तोंडी शब्दाला किंमत नाही.

कोर्टाची वाट लांब आहे, आणि तिचा खरा उपयोग उरलेल्या जमिनीच्या नुकसानीसाठी. समजा, १० एकरांपैकी मधला १ एकर गेला आणि भाव एकरी १०,००० डॉलर आहे. नुसत्या पट्टीचे १०,००० होतात. पण नदीकडच्या ५ एकरांचा भाव ६,००० वर आला, तर आणखी २०,००० चा दावा उभा राहतो. पहिल्या प्रस्तावात हा दुसरा आकडा नीट धरलेला आहे का, ते आधी पाहावं. त्यासाठी 'आधीची किंमत वजा नंतरची किंमत' या पद्धतीने स्वतःचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं. आपल्याकडे भारतात २०१३ च्या भूसंपादन कायद्याने बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम मिळते. तिथे तसं काही नाही, सिद्ध कराल तेवढंच.

संपादनाच्या दाव्याची नोटीस बजावल्यापासून २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उशीर झाला तर संपादनावरचे आक्षेप बुडतात, किमतीचा पुरावा मात्र नंतरही देता येतो. ज्युरीची मागणी त्याच मुदतीत करावी. कोर्टात भरलेली रक्कम उचलली म्हणजे किंमत मान्य केली असं होत नाही. पण निवाडा त्याहून कमी आला तर जादा उचललेले पैसे परत करावे लागतात.

वकिलाची फी बहुधा स्वतःच्याच खिशातून जाते. ती सरकारकडे मागायला निवाडा सरकारच्या आकड्याला जितका जवळ, निदान तितकाच आपल्या आकड्यालाही जवळ यावा लागतो: सरकार २०,००० म्हणतं आणि आपण ६०,०००, तर निदान ४०,०००. म्हणून फुगवलेला आकडा अंगाशी येतो. शिवाय सरकारची भूमिका रास्त ठरली किंवा मध्येच तडजोड झाली, तर या मार्गाने फी मिळत नाही.

दोन्ही वाटांवर गाडी अडते ती वारसांपाशी. या भागात पिढ्यान्‌पिढ्या वाटणीपत्राविना चालत आलेल्या जमिनी आहेत. सातबाऱ्यावर मेलेल्या आजोबांचं नाव असावं, तशीच गत. हक्क सिद्ध होईपर्यंत रक्कम कोर्टात पडून राहते, आणि बँकेचं कर्ज व काउंटीचा थकीत कर आधी वळता होतो. वारसदाखला आणि करपावत्या सरकारचं पत्र येण्याआधीच गोळा कराव्यात.

मुद्दाम रेंगाळणं हाही एक डाव. जानेवारी २०२१ मध्ये बांधकाम थांबलं तेव्हा काहींना तो लाभला. पण जुलै २०२५ च्या कायद्याने भिंतीसाठी ४६.५ अब्ज डॉलर दिले आहेत. आता त्या भरवशावर बसू नये.

पट्टी कडेने जात असेल आणि हक्क स्वच्छ असेल, तर एकदा वाढीव मागणी करून सही करावी. भिंत जमीन दुभागत असेल, विहीर किंवा घर नदीच्या बाजूला राहत असेल आणि फाटकाचा हक्क लेखी मिळत नसेल, तर मूल्यांकनकर्ता नेमून कोर्टात जावं.