शॉकअप ऑईल बदलून आठ महिने: तेल 240 चं, वाद 6 रुपयांच्या वॉशरचा

एप्रिलमध्ये पुढच्या शॉकअपचं तेल बदललं. आता डिसेंबर आहे. या आठ महिन्यांत एकदा मत बदललं, एकदा भांडण झालं आणि तेल दोनदा विकत घ्यावं लागलं, म्हणून एवढं लिहितोय.

गाडी 125 ची, साधी, पुढे डिस्क. तेव्हा 38,000 किमी झाले होते. रोजचं जळगाव-धरणगाव. मार्चपासून पाळधीच्या पुढे गतिरोधक आला की पुढून खट्ट आवाज यायचा आणि ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालायची. उजव्या पाईपवर तेलाची ओली कड. डिस्क त्याच बाजूला, त्यामुळे जास्त धास्ती. सर्व्हिस सेंटरवर (नाव राहू द्या) पोराने हँडल दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाला, "सर, असेंब्लीच टाका, 4,600." म्हणजे अख्खा पुढचा शॉकअप नवा. मी म्हटलं, 20,000 ला तुम्हीच फोर्क ऑईल (हेच शॉकअपचं तेल) बदललंय, 380 लावलेत. बिल सोबत होतं. मी बिलं फेकत नाही. तो म्हणाला, "मग बदललंच असेल ना सर."

शेवटी धरणगावच्या आमच्या मिस्तरीकडे खोलली. दोन्ही पाईप वर धरून ठेवणाऱ्या 'टी'चे बोल्ट ढिले करायच्या आधी त्याने मला वरची कॅप दाखवली. कॅप आणि पाईपच्या जोडावर कंपनीचा पिवळा ठिपका, अख्खा. ती कॅप काढल्याशिवाय तेल आत जायला दुसरी वाटच नाही. म्हणजे 380 कशाचे घेतले ते कळलं. नंतर जाऊन विचारलंही. उत्तर मिळालं, "तेव्हाचा स्टाफ सोडून गेला."

पाईप उलटा केल्यावर जे आलं ते राखेच्या पाण्यासारखं, तळाला चंदेरी गाळ आणि सडक्या मासळीचा वास. मिस्तरी म्हणाला, "सर, हाई तेल शे का गटारनं पानी?" मी ते बाटल्यांत भरून घरी आणलं आणि मोजलं. (घरात यावर जे बोलणं झालं ते इथे नको.) उजव्या पायातून (शॉकअपच्या दोन नळ्यांना पाय म्हणतात) 95 मिली, डाव्यातून 140. गाडीच्या पुस्तकात एका पायाला 165. वजन स्प्रिंग पेलते, तेलाचं काम त्या स्प्रिंगला उड्या मारू न देणं. ते एवढं कमी उरलं तर खट्ट होणारच. असेंब्ली कशाला बदलायची?

पुस्तकात तेल 10 नंबरचं दिलंय; नंबर मोठा तसं तेल घट्ट. मिस्तरीचं म्हणणं, आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्री, पातळ तेलाचं पाणी होतं, 20 टाका. मला पटलं. दोन्ही पायांचे ऑईल सील (तेल अडवणारी रबरी रिंग) नवे, 350 मिलीची बाटली अर्धी इकडे, अर्धी तिकडे. सील, तेल, मजुरी मिळून 810. मे महिन्यात गाडी अशी बसून चालली की मी शाळेत तीन जणांना 20 नंबर टाकायला सांगितलं. त्या तिघांची आता माफी मागतो.

आता वॉशर. सील बदलायचं तर पायाच्या बुडातला ॲलन बोल्ट काढावा लागतो आणि त्याखाली तांब्याचं वॉशर असतं. बोल्ट आवळला की ते चेपून फट बुजवतं. एकदा चेपलं की पुन्हा नीट चेपत नाही. मी विचारलं होतं, नवं टाकायचं का? "काही व्हत नही, चाली जाई." जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि उजव्या पायाच्या बुडाला एक थेंब दिसला. पाणी असेल म्हणून पुसला. दुसऱ्या दिवशी परत. बोटावर घेऊन चोळला, तर तेल.

6 रुपयांचं वॉशर! ते बदलायला बोल्ट काढला की तेल खाली. आणि एका पायात नवं तेल, दुसऱ्यात जुनं असं चालत नाही, म्हणजे दोन्ही पाय रिकामे. पुन्हा 240 ची बाटली. मिस्तरीने मजुरी सोडली, पण तेल माझंच गेलं.

वर जुलैत दुकानात त्या मापाचं वॉशर मिळेना. शेजारी सराफ बाजारात काम करणारे काका आहेत. ते हसले. तांबं ठोकलं, दाबलं की कडक होतं आणि लाल करून गार केलं की मऊ पडतं, हे त्यांचं रोजचं. मग जुनंच वॉशर सांडशीत धरून गॅसवर लाल केलं, पाण्यात टाकलं, काळपट थर बारीक पॉलिश पेपरने घासला. नखाने दाबलं तर लवत होतं. डाव्याचंही तसंच केलं. नवं मिळत असेल तर नवंच घ्या, पण अडलं तर हे चालतं.

या वेळी गुरांच्या औषधाच्या दुकानातून 50 मिलीची सिरिंज आणली, 10 नंबर घेतलं आणि मोजून 165-165 भरलं. इथे माझं मत फिरलं. गाडी ब्रेकला मे महिन्याइतकीच सावरलेली, आणि वर मनगटाला बसणारे बारीक धक्के गेले. ते बसत होते हेही मला ते गेल्यावर कळलं. एप्रिलमध्ये अर्धी-अर्धी बाटली म्हणजे 175 गेलं होतं. तेल जास्त म्हणजे वरची हवेची जागा कमी, आणि दाबत गेलं की ती हवाच अडते. त्यात 20 नंबर. म्हणजे तेल पातळ असण्याचा दोष नव्हता, तेल कमी होतं. घट्ट घालून मी फक्त मनगटं दुखवून घेतली.

नंबरवरही फार जाऊ नका. एका कंपनीचं 10 दुसऱ्या कंपनीच्या 10 इतकंच घट्ट असेल असं नाही. काही बाटल्यांमागे 40 अंशांवरचा सेंटीस्टोकचा, म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा आकडा असतो, तो जुळवून घ्या.

आता डिसेंबरात सकाळी सहाला स्वेटर घालून निघतो, तेव्हाही पहिल्या गतिरोधकाला पुढचं चाक दबतं, आदळत नाही. गाडीखाली रात्री पेपर टाकून ठेवायची सवय जुलैपासून लागली आहे. पेपर अजून कोरडा आहे. नवी दोन वॉशरं दिवाळीत जळगावला मिळाली, 12 रुपये. ती त्या 380 च्या बिलाला स्टेपल करून ठेवलीत.