एम.एस्सी. नर्सिंग करून मेट्रन होता येतं का? इंदूरच्या सिस्टरांसाठी कोर्सचं परीक्षण

वॉर्ड इन्चार्ज आणि पुढे मेट्रन, म्हणजे हॉस्पिटलच्या सगळ्या सिस्टरांची प्रमुख, व्हायचं म्हटलं की इंदूरमध्ये पहिला सल्ला मिळतो तो एम.एस्सी. नर्सिंगचा. दोन वर्षं पूर्णवेळ, प्रवेशाला बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिकमध्ये (डिप्लोमानंतरची बी.एस्सी.) ५५ टक्के, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि वर्षभराचा अनुभव. पण यात प्रशासन किती शिकवतात, ते फी भरण्याआधी बघाच.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या अभ्यासक्रमात मेडिकल-सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य आणि कम्युनिटी अशा स्पेशालिटी आहेत. मॅनेजमेंट ही स्पेशालिटी नाही. दुसऱ्या वर्षी ‘नर्सिंग मॅनेजमेंट’ हा एक विषय असतो, थिअरी १५० तास आणि प्रॅक्टिकल १५० तास. त्याच वर्षी क्लिनिकल स्पेशालिटीच्या प्रॅक्टिकलला मात्र ९५० तास.

विषय छोटा, पण त्यातली कामं खरोखर मोलाची आहेत: बजेट एस्टिमेट, जॉब डिस्क्रिप्शन, इन्सिडेंट रिपोर्ट, ड्यूटी रोस्टर (कुणाची ड्यूटी कधी त्याचा तक्ता), स्टाफची गरज काढणं. शेवटचंच घ्या. एका वॉर्डात सकाळी ५, दुपारी ३, रात्री ३ सिस्टर लागतात. रोजच्या ११ ड्यूट्या, वर्षाच्या ४,०१५. एका सिस्टरचे ३६५ दिवसांतून ५२ वीकली ऑफ आणि सुट्ट्या-रजांचे ३३ दिवस वजा केले की हातात २८० उरतात. भागाकार येतो १४.३, म्हणजे १५ जणी हव्यात. कौन्सिलच्या निकषात ३० टक्के लीव्ह रिझर्व्ह (रजेवरच्यांच्या जागी जादा सिस्टर) का धरतात, ते या एका हिशोबात कळतं. अकराच जणी मंजूर करून घेणाऱ्या इन्चार्जच्या वॉर्डात पहिल्याच आजारपणाला डबल ड्यूटी सुरू होते, आणि थकलेल्या हातून औषधाची चूक होते.

घोडं अडतं ते प्रॅक्टिकलमध्ये. सीनियरच्या फाइलमधला रोस्टर उतरवला तरी मार्क मिळतात. त्यात ना कुणाची मॅटर्निटी लीव्ह असते, ना नाइटनंतरचा ऑफ. इन्सिडेंट रिपोर्टचंही तेच. वेळ, डोस, कुणाला कधी कळवलं हे लिहायचं सोडून ‘निष्काळजीपणा झाला’ एवढंच लिहिलं जातं. त्यावरून कारण सापडत नाही आणि तीच चूक पुन्हा होते.

दुसरी वाट म्हणजे देवी अहिल्या विद्यापीठाच्या आयएमएसमधलं (इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचं एमबीए. पैशाचा हिशोब आणि मनुष्यबळ यांसाठी ते सरस आहे. मात्र नर्सिंग कॉलेजात प्राचार्य व्हायचं तर एम.एस्सी. नर्सिंगच लागतं, तिथे एमबीए चालत नाही. खासगी हॉस्पिटलच्या ऑफिसात शिरायचं असेल तर एमबीए घ्या. वॉर्ड, सुपरव्हिजन आणि शिकवणं हातचं ठेवायचं असेल तर एम.एस्सी.

कॉलेज निवडताना जाहिरातीवर जाऊ नका. मध्य प्रदेशातल्या नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी हायकोर्टाच्या आदेशाने झाली, ती उगाच नव्हे. चालू वर्षाची मान्यता आणि तुमच्याच स्पेशालिटीच्या मंजूर जागा कागदावर पाहा. मग विचारा: मॅनेजमेंटचं प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलात, कुणाच्या हाताखाली? नर्सिंग सुपरिंटेंडंटच्या ऑफिसात बसून चालू महिन्याचा रोस्टर आणि इंडेंट (सामानाचं मागणीपत्र) करायला मिळत असेल, तरच ते १५० तास कामाचे. मागच्या बॅचची लॉगबुकं मागा. सगळ्यांचे रोस्टर सारखेच निघाले तर दुसरं कॉलेज बघा.