मुलीच्या जन्मदाखल्यावरचं चुकीचं गाव

मुलीला पहिलीत घालताना शाळेने जन्मदाखला मागितला. माझ्याकडे फक्त प्रसूतिगृहाचा कागद होता, त्यावर नुसतं 'स्त्री अपत्य'. नगरपरिषदेच्या फाटकाबाहेर अर्ज भरून देणारे बसतात. त्यांतल्या एकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "ताई, आत महिनाभर चकरा मारायला लावतील. परवा दाखला हातात देतो." 1,800 रुपये दिले.

दाखला खरंच परवा मिळाला. शिक्का, नोंदणी क्रमांक, क्यूआर कोड, सगळं होतं. कोड मी स्कॅनही केला. उघडलेल्या पानावर मुलीचं नाव, आमची नावं, जन्मतारीख, सगळं बरोबर. शाळेने प्रत ठेवून घेतली आणि मी निर्धास्त झाले.

वर्षभराने पासपोर्टसाठी तोच दाखला दिला आणि पडताळणीत अडकला. नगरपरिषदेच्या जन्म-मृत्यू विभागातल्या बाईंनी त्या क्रमांकाची नोंद काढली. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मुलाची होती. त्यांनी एवढंच विचारलं, "बाळंतपण कुठं झालं?" मी म्हटलं, माहेरी. "मग नोंद आमच्याकडे कशी असेल?"

जन्माची नोंद आपण राहतो तिथे होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. दाखल्यावर आमच्या नगरपरिषदेचं नाव ठळक छापलेलं होतं, आणि वर्षभर ते माझ्या डोळ्यांसमोर होतं.

माहेरच्या नगरपरिषदेत गेले तर नोंद कधीचीच झालेली! रुग्णालयात जन्म झाला की 21 दिवसांत कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाचीच असते, आणि त्यांनी ती पार पाडली होती. फक्त नावाचा रकाना कोरा होता. नाव नोंदणीच्या तारखेपासून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. साधा अर्ज, आमची ओळखपत्रं आणि किरकोळ विलंब शुल्क, एवढ्यात काम झालं. शाळेत जाऊन जुनी प्रत काढून घेताना मात्र मुख्याध्यापिकांना सगळं सांगावं लागलं, ते फार जड गेलं.

क्यूआर कोडचं सांगते, कारण माझा भरवसा त्यावरच होता. कोड उघडला की पानावरचा मजकूर नको, वरचा पत्ता वाचा. सरकारी पत्त्यात पहिल्या तिरक्या रेघेच्या (/) आधीचा भाग सहसा 'गव्ह डॉट इन'ने (gov.in) संपतो. माझ्या दाखल्याचा पत्ता सरकारी वाटेल असाच केला होता, पण त्या भागाच्या शेवटी 'डॉट कॉम' होतं.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, पुढे मतदारयादी, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच कागद लागणार आहे. तो खोटा निघाला तर लेकराने काय करायचं?

पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे, पैसे पाठवल्याचा पुरावाही जोडलाय. तो माणूस आता तिथे बसत नाही. पण माझ्यासमोरच त्याच्याकडे आणखी तिघी उभ्या होत्या, एकीच्या कडेवर बाळ होतं. फाटकाबाहेरून कुणी दाखला घेतला असेल, तर तो आजच काढून वरचं गाव वाचा.