ऑपरेशन ५ स्टार, रात्रीचा वॉर्ड १ स्टार

हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये, वकील मित्राने नको म्हणून सांगितलंय. नाशिकमधलं मध्यम साईजचं प्रायव्हेट हॉस्पिटल आहे एवढं पुरे. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, खुब्याचं हाड मोडलं म्हणून ॲडमिट केलं होतं. वय पंच्याहत्तरच्या पुढे आणि शुगर जुनी.

आधी चांगलं सांगतो कारण ते खरंच चांगलं होतं. सर्जन एकदम भारी माणूस, एक्सरे दाखवून नीट मराठीत समजावलं. ऑपरेशनच्या दिवशी उजव्या मांडीवर मार्करने बाण काढला, आत नेताना पुन्हा नाव विचारलं, कुठला पाय विचारलं, ॲलर्जी विचारली. अण्णा वैतागले, म्हणे किती वेळा तेच तेच सांगायचं. पण ते असंच पाहिजे, डब्ल्यूएचओने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी चेकलिस्ट काढली तिच्यात हेच आहे, भूल द्यायच्या आधी, चिरा घ्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर काढायच्या आधी थांबून सगळ्यांनी मोठ्याने खात्री करायची. इथे ते मनापासून करतात. पूर्ण मार्क.

आता वॉर्ड. अण्णा घरी पेनने इन्सुलिन घेतात, ते पेन आम्ही सोबत नेलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेनच्या सुया संपल्या, खाली मेडिकलवाला म्हणाला उद्या येतील. नेमकी तेव्हाच ड्यूटी बदलत होती, जाणाऱ्या सिस्टरला बस पकडायची घाई, येणारी सिस्टर अख्ख्या मजल्याला एकटी, त्यात समोरच्या खोलीत नवीन पेशंट. तिने लाल टोपणाची सिरिंज घेतली, पेनच्या काडतुसातून १६ च्या खुणेपर्यंत औषध ओढलं आणि दिलं. फाईलमध्ये १६ युनिटच लिहिलं होतं, म्हणजे बघणाऱ्याला सगळं बरोबर.

घोळ असा की लाल टोपणाची सिरिंज ४० वाल्या बाटलीसाठी असते, एका एमएलमध्ये ४० युनिट. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० च्याच असतात म्हणून हात तिकडेच जातो. पेनमधलं औषध १०० चं. त्यामुळे १६ च्या खुणेला १६ नाही, ४० युनिट गेले. थेट अडीचपट!

रात्री अण्णा घामाने चिंब, आईला हाका मारायला लागले. त्यांची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. मी बेल दाबतोय, कोणी येईना, शेवटी कॉरिडॉरमध्ये पळत जाऊन आरएमओला, म्हणजे ड्यूटीवरच्या डॉक्टरला, उठवून आणलं. शुगर ४१, म्हणजे धोक्याइतकी कमी. त्या पोराने मात्र क्षणभर वेळ घालवला नाही, शिरेतून ग्लुकोज दिलं, रात्रभर आयसीयूत ठेवून दर तासाला शुगर बघितली. आणि ट्रेमधली लाल टोपणाची सिरिंज बघून काय झालं असणार ते त्यानेच मला सरळ सांगितलं. त्याला सलाम.

सकाळी मॅनेजमेंटचा सूर एकदम वेगळा. "पेशंट रात्री नीट जेवले नाहीत." फाईलमध्येही तेच. अहो, भाकरी मी स्वतः भरवली होती! फाईलची कॉपी मागितली तर डिस्चार्जनंतर बघू. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात स्पष्ट आहे की पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं. अण्णांच्या सहीने लेखी अर्ज दिला, पोच घेतली, मग बरोबर मिळाली. तोंडी मागत बसू नका.

नातेवाईक म्हणाले त्या सिस्टरवर केस कर. ग्राहक आयोगात (आधीचा ग्राहक मंच) जाता येतं, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्यात येते, मुदत २ वर्षं. पण नुसतं वाईट झालं म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, ते दाखवावं लागतं. आणि मेव्हण्याने आरडाओरडा सुरू केला त्याला मीच बाहेर नेलं, तोडफोड मारहाणीला राज्यात २०१० पासून वेगळा कायदा आहे आणि असंही चूक एकट्या मुलीची नव्हतीच ना. दोन जातींचं इन्सुलिन एकाच ट्रेमध्ये, सुया संपलेल्या, डोस दुसऱ्या कोणी तपासायचा नाही, रात्री मजल्याला एक माणूस. तिच्या जागी उद्या दुसरी आली तरी हेच होणार. मी मॅनेजमेंटला लेखी दिलंय, उत्तर अजून नाही.

बिलात मजा बघा, त्या रात्रीची आयसीयू, ग्लुकोज, शुगरच्या पट्ट्या, सगळं लावलेलं! भांडून आयसीयूचा चार्ज काढायला लावला, बाकीचं टीपीएने (विम्याचे क्लेम बघणारी कंपनी) कापलं ते आमच्याच खिशातून.

हाडाच्या कामासाठी तिथे जायला हरकत नाही, अण्णा वॉकर घेऊन फिरतायत. फक्त पेशंटला शुगर असेल तर पेनच्या सुयांचा डबा घरून न्या, आणि कोणी काडतुसातून सिरिंजने ओढायला लागलं तर हात धरून थांबवा, राग आला तरी येऊ दे.